सीमाभागात गाडी बंद पडली तर: रस्त्यावरील मदतीच्या सभासदत्वाचे अनुभव

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत राहणाऱ्या आणि नोकरी, व्यापार किंवा नातेसंबंधांमुळे कधी गोव्यात, कधी कोल्हापुरात तर कधी धारवाडला गाडी घेऊन जाणाऱ्या वाहनधारकांसाठी हा धागा काढत आहे. गाडी रस्त्यात बंद पडल्यास फोन केल्यावर मेकॅनिक किंवा क्रेन पाठवणाऱ्या वार्षिक सभासदत्वाविषयी मराठीत जे लेख सापडतात ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या वाहनधारकांना समोर ठेवून लिहिलेले असतात. आपली अडचण वेगळी आहे. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर दुसरे राज्य सुरू होते, आणि कंपनीची नियमावली मात्र आपण एकाच शहरात फिरतो असे धरून चालते.

माझा अनुभव आधी सांगतो. चोर्ला घाटातून गोव्याकडे उतरताना इंजिनाचे तापमान एकाएकी वाढले, म्हणून गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडून पाहिले तेव्हा रेडिएटरचा पाइप फुटून सगळे कूलंट वाहून गेले होते. कणकुंबी मागे पडली होती आणि गोव्याची हद्द लागली होती. माझ्याकडे एका कंपनीचे सभासदत्व होते. मोबाइलला रेंज मिळेपर्यंत बरेच अंतर चालावे लागले, पण फोन लागल्यानंतर तक्रार लगेच नोंदवून घेतली गेली, याविषयी माझे काही म्हणणे नाही. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. गाडी बेळगावला न्यावी अशी माझी विनंती होती, कारण माझे नेहमीचे सर्व्हिस सेंटर तेथे आहे. नियमानुसार गाडी जवळच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच नेता येते आणि ते म्हापशाला आहे, असे मला सांगण्यात आले. बेळगावला न्यायची असल्यास मर्यादेपलीकडील प्रत्येक किलोमीटरचे, तेही जाण्यायेण्याचे, पैसे जागेवर द्यावे लागणार होते. शेवटी गाडी म्हापशाला गेली आणि मी एसटीने परतलो. एका पाइपाच्या कामासाठी गाडी तेथे अडकून पडली आणि ती आणण्यासाठी मला पुन्हा जावे लागले.

कंपनीने करारातील शब्द पाळला, हे मला मान्य आहे. तरीही सभासदत्व घेताना "देशभर सेवा", "चोवीस तास सेवा" हे ठळक अक्षरांत दिसते, आणि गाडी शेवटी कोठे नेऊन ठेवली जाईल हे कोणी सांगत नाही, ही गोष्ट मला खटकते. माझ्या मते आपल्या भागात सभासदत्वाची किंमत सेवांच्या यादीवरून ठरवता येत नाही. प्रत्यक्षात कोणाची क्रेन येते आणि ती गाडी सीमेच्या कोणत्या बाजूला नेते, या दोन प्रश्नांवरच ती ठरते. आपले अनुभव काय आहेत ते कृपया सविस्तर लिहावे.

टिळकवाडीकर

माझा अनुभव चांगला आहे आणि तो महामार्गावरचा आहे, हे आधीच नमूद करतो. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर वंटमुरीच्या जवळ चहाला थांबलो आणि नंतर गाडी सुरूच होईना. माझी गाडी विजेवर चालणारी आहे. मोठी बॅटरी निम्म्याहून अधिक भरलेली होती, तरी पडदा काळाच राहिला. फोनवरच्या मुलीने शांतपणे काही प्रश्न विचारले आणि बारा व्होल्टची लहान बॅटरी उतरली असावी असे सांगितले. अनेकांना ठाऊक नसते की विजेच्या गाडीतही अशी एक साधी बॅटरी असते आणि ती उतरली की मोठ्या बॅटरीत कितीही वीज असली तरी गाडीची यंत्रणा जागी होत नाही. तासाभराच्या आत बेळगावहून एक तरुण दुचाकीवरून आला, त्याने जंप स्टार्ट दिला आणि एक पैसाही मागितला नाही. तो मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलत होता, त्यामुळे माझ्या वृद्ध वडिलांनाही धीर आला.

मात्र हीच गाडी जांबोटीच्या पुढे बंद पडली असती तर काय झाले असते, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

उद्यमबागवाले

मी गेली अनेक वर्षे बेळगावात गॅरेज चालवतो आणि काही काळ अशा कंपन्यांसाठी टोइंगचे कामही केले आहे, म्हणून या व्यवहाराची आतली बाजू लिहितो.

पहिली गोष्ट अशी की सभासदत्व विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांची स्वतःची एकही क्रेन आपल्या भागात नसते. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर येथील क्रेनवाल्यांशी आणि गॅरेजवाल्यांशी त्या करार करतात. गाडी बनवणारी कंपनी, विमा कंपनी आणि स्वतंत्र सभासदत्व देणारी कंपनी या तिघांचे फोन पुष्कळदा फिरून त्याच क्रेनवाल्याकडे येतात. तीन वेगवेगळी कार्डे खिशात ठेवल्यामुळे तीन वेगवेगळ्या क्रेन मिळतील, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट पैशांची आहे. क्रेनवाल्याला एका फेरीमागे ठरावीक रक्कम आणि ठरावीक अंतरापुढे किलोमीटरचा दर मिळतो, आणि हे पैसे हातात पडायला पुष्कळ उशीर होतो. डिझेल मात्र त्याला रोखीने भरावे लागते. दिवसा महामार्गावरचे काम तो आनंदाने घेतो. पावसाळ्यात रात्री अकरा वाजता कणकुंबीला या असा निरोप आला की तो "गाडी दुसरीकडे गेली आहे" असे सांगतो. मग कंपनीचा माणूस यादीतील दुसऱ्याला आणि तिसऱ्याला विचारत बसतो, आणि तुम्हाला दर अर्ध्या तासाने "आमचा प्रतिनिधी निघाला आहे" एवढेच ऐकू येते. यात क्रेनवाल्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण त्याच्या जागी मीही उभा राहिलेलो आहे. घाटात भरलेली गाडी वर चढवून परत आणण्याचा खर्च त्या दरात निघत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. फोन करताना आपली गाडी ऑटोमॅटिक आहे, चारही चाकांना जोर देणारी आहे किंवा विजेवर चालणारी आहे, हे आपणहून सांगा आणि फ्लॅटबेडच, म्हणजे चारही चाके उचलून सपाट पाठीवर गाडी नेणारे वाहनच, पाठवा असा आग्रह धरा. आपल्याकडे अजूनही दोर किंवा लोखंडी दांडा लावून टोचन करण्याची सवय आहे. साधी गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडे अंतर अशी ओढली तर सहसा बिघडत नाही. ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पोहोचवणारा पंप फिरत नाही, आणि चाके मात्र आतले भाग फिरवत राहतात, त्यामुळे थोड्याच अंतरात गिअरबॉक्सचे मोठे नुकसान होऊ शकते. विजेच्या गाडीची जोराची चाके रस्त्यावर फिरली की मोटर जनित्रासारखी वीज तयार करू लागते, म्हणून बहुतेक उत्पादक तशी गाडी ओढू नये असे पुस्तिकेतच लिहितात. शिवाय इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग साथ देत नाहीत, आणि अशा अवस्थेत उतारावर टोचन लावणे हे जिवावरचे काम आहे. चोर्ला, आंबोली, अनमोड यांपैकी कोणत्याही घाटात टोचनास नकार द्या, मग वाट कितीही वेळ पाहावी लागो.

माझा सल्ला विचाराल तर सभासदत्व घ्या, पण त्याच्याबरोबर आपल्या नेहमीच्या वाटेवरच्या मेकॅनिकांचे आणि क्रेनवाल्यांचे क्रमांकही लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी उतरली तरी ते सापडावेत म्हणून कागदावर लिहा.

खानापूरची लेक

उद्यमबागवाले काकांनी इतके स्पष्ट लिहिले त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. पण शेवटच्या मुद्द्याबाबत मला वेगळे म्हणायचे आहे, आणि तो मुद्दा बायकांच्या दृष्टीने लहान नाही.

लोंढ्याहून रामनगरकडे जाताना रात्री माझ्या गाडीचे टायर फुटले. गाडीत मी आणि माझी लहान मुलगी अशा दोघीच होतो. नव्या गाड्यांपैकी काहींमध्ये आता स्टेपनीच येत नाही. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच दिला असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० च्या नियमदुरुस्तीने उत्पादकांना मिळाली आहे. माझी गाडी त्यांपैकीच आहे. खिळ्याचे छिद्र त्या संचाने बुजते, पण टायरची बाजू फाटली असेल तर त्याचा काहीही उपयोग होत नाही, आणि माझे टायर बाजूनेच फाटले होते.

माझ्याकडे ओळखीच्या एका मेकॅनिकचा क्रमांक होता. त्यांनी दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो असे सांगितले. येणारा माणूस कोण आहे, त्याच्या गाडीचा क्रमांक काय आहे, तो कोठे पोहोचला आहे, हे मला कळणार नव्हते. सभासदत्व असलेल्या कंपनीला फोन केला तेव्हा काही वेळाने येणाऱ्या चालकाचे नाव, त्याच्या वाहनाचा क्रमांक आणि त्याचे ठिकाण दाखवणारा दुवा संदेशातून आला. तो संदेश मी पुण्यातल्या भावाला पाठवला आणि क्रेन येईपर्यंत तो माझ्याशी बोलत राहिला. क्रेन यायला उशीर झाला, हे खरे आहे. पण त्या अंधारात कोण येत आहे हे माहीत असणे माझ्यासाठी पैशांपेक्षा मोलाचे होते. ओळखीचा क्रमांक ज्यांना पुरतो त्यांनी तो जरूर ठेवावा, परंतु एकट्या बाईने कार्डाऐवजी त्यावर विसंबावे असे मी कोणाही मैत्रिणीला सांगणार नाही.

एक व्यावहारिक अडचणही नोंदवते. कंपनीचे लोक आपल्या मोबाइलवर दुवा पाठवतात आणि तो उघडला की आपले ठिकाण त्यांना कळते. भीमगड अभयारण्याच्या बाजूने, हेम्माडग्याच्या रस्त्यावर किंवा अनमोडच्या अलीकडे इंटरनेट चालत नाही, साधा फोन कसाबसा लागतो. तेव्हा रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि त्यावर लिहिलेले गाव सांगावे. मी तसेच केले आणि चालक अचूक आला. दगड दिसत नसेल तर शेवटचे ओलांडलेले गाव, पूल किंवा रेल्वे फाटक सांगावे. दूरच्या शहरात बसलेल्या मुलाला "देवळाच्या पुढच्या वळणावर" या वर्णनाचा काही उपयोग होत नाही.

निपाणीकर

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाची आमच्याकडची बाजू लिहितो. निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. आमची दवाखान्याची, बाजाराची आणि गाडीच्या सर्व्हिसिंगची कामे पूर्वापार कोल्हापूरला होतात. माझी गाडी मात्र चिकोडीच्या, म्हणजे केए २३ च्या नोंदणीची आहे. तवंदी घाटात क्लच गेला तेव्हा कंपनीच्या संगणकाने कर्नाटक हे राज्य पाहून बेळगावची क्रेन ठरवली. कागलची क्रेन कितीतरी लवकर आली असती. ती का पाठवत नाही असे विचारल्यावर "तो विभाग वेगळा आहे" हे उत्तर मिळाले. बेळगावहून क्रेन आली ती बऱ्याच उशिरा, आणि चालकाने कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात जाण्याचे कागद आपल्याकडे नाहीत असे सांगून कोल्हापूरला नेण्यास नकार दिला.

त्यानंतर मी एक उपाय केला आणि तो इतरांनाही उपयोगी पडेल. नूतनीकरणाच्या आधी कंपनीला ईमेल लिहून तीन प्रश्न विचारले. माझ्या पिनकोडच्या परिसरात करार केलेली सर्वांत जवळची क्रेन कोठे आहे? मोफत टोइंगचे अंतर कोठून मोजले जाते, क्रेनच्या तळापासून की गाडी बंद पडलेल्या ठिकाणापासून? त्या अंतरात दुसऱ्या राज्यातील वर्कशॉप येत असेल तर गाडी तेथे नेली जाईल का? एका कंपनीने उत्तरच दिले नाही, म्हणून तिला मी सोडले. दुसरीने अंतर गाडीच्या ठिकाणापासून मोजले जाईल आणि राज्याची अट नाही, असे लेखी कळवले. तो ईमेल छापून मी कागदपत्रांबरोबर गाडीत ठेवला आहे.

विम्यातला माणूस

मी वाहन विम्याचे काम करतो. वरील सर्व प्रतिसाद वाचले. लोकांचा गोंधळ जेथे होतो ते मुद्दे मांडतो.

रस्त्यावरील मदत आपल्याला तीन वाटांनी मिळू शकते. नवी गाडी घेताना उत्पादक काही काळ ती देतो आणि पुढे अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग चालू ठेवल्यास किंवा जादा पैसे भरल्यास वाढवून देतो. विमा घेताना काही शे रुपयांत पूरक संरक्षण म्हणून ती जोडता येते. आणि तिसरी वाट स्वतंत्र वार्षिक सभासदत्वाची आहे. पुष्कळ लोक यांपैकी दोन एकाच वेळी बाळगतात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. विम्याचे नूतनीकरण मोबाइलवरून करताना तो चौकोन आधीच भरलेला असतो. म्हणून प्रथम आपल्या पॉलिसीचे पूरक संरक्षणांचे पान उघडून पाहावे.

या मदतीचा उपयोग केल्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जाईल का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. केवळ बॅटरी, पंक्चर किंवा टोइंगसाठी ही सेवा वापरल्यास सामान्यतः तो दावा धरला जात नाही आणि बोनस टिकतो. अपघातानंतर दुरुस्तीचा दावा केला तर तो अर्थातच जातो.

"मोफत" काय आहे तेही नीट समजून घ्यावे. जागेवरची मजुरी आणि माणसाचे येणे मोफत असते. नवा पट्टा, नवी बॅटरी, टायर, कूलंट किंवा पेट्रोल यांची किंमत आपल्यालाच द्यावी लागते. जादा किलोमीटरच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि वाटेतला टोलही बहुधा आपल्याच माथी येतो. वर्षातून किती वेळा सेवा मागता येईल याला मर्यादा असते. सभासदत्व घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस सेवा सुरू होत नाही, म्हणजे गाडी बंद पडल्यावर तेथेच उभे राहून मोबाइलवरून सभासद होण्याचा उपयोग होत नाही. भाड्याने दिलेली किंवा पिवळ्या पाटीची वाहने बहुतेक खासगी योजनांतून वगळलेली असतात.

तक्रारीचा मार्ग मात्र वाट कोणती निवडली त्यावर अवलंबून असतो, आणि हे विकत घेताना कोणीही सांगत नाही. विम्याला जोडलेली सेवा मिळाली नाही तर प्रथम विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावे. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले तर विमा लोकपालाकडे जाता येते, आणि तेथे शुल्क नाही. कर्नाटकासाठी हे कार्यालय बंगळुरूला आहे. स्वतंत्र सभासदत्व देणारी कंपनी ही विमा कंपनी नसते, त्यामुळे लोकपालाचा तिच्याशी संबंध येत नाही. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार मोकळे असते.

थोडे विषयांतर क्षम्य असावे. ही सेवा मुळात वाहनधारकांनीच आपापसांत उभी केली होती. इंग्लंडमधील ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ मध्ये स्थापन झाली ती पोलिसांनी वेग पकडण्यासाठी लावलेल्या सापळ्यांची सूचना सभासदांना देण्यासाठी, आणि बिघाड झालेल्या गाड्यांना मदत हे तिचे काम नंतर वाढले. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनही १९१९ पासूनची आहे. तेथे सभासद हा संस्थेचा घटक होता. आजच्या योजनेत तो फक्त गिऱ्हाईक आहे, आणि म्हणूनच निपाणीकरांप्रमाणे लेखी प्रश्न विचारून लेखी उत्तर घेणे मला अत्यावश्यक वाटते.

चंदगडी

आंबोलीच्या पावसाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. बेळगावहून निघाल्यावर वीस किलोमीटरच्या आत शिनोळीला महाराष्ट्र लागतो, आणि पाटणे फाट्यापासून पुढे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस असा कोसळतो की समोरचे दिसत नाही. ओढ्याचे पाणी रस्त्यावर आलेले असताना गाडी घातली आणि मध्येच बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मदतीला आलेला मुलगा घाईत "एकदा सेल्फ मारून बघू" म्हणाला तर त्यालाही थांबवावे आणि गाडी थेट वर्कशॉपला न्यायला सांगावे. मुद्दाम सेल्फ मारल्याने झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विम्यात भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे पूरक कलम लागते, आणि त्याच्याही अटी असतात.

सभासदत्वाच्या अटींमध्ये पूर, दरड आणि बंद रस्ता ही कारणे सहसा वगळलेली असतात. आमच्याकडे नेमक्या त्याच दिवसांत मदतीची सर्वाधिक गरज असते. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पावसाळ्यात रात्री घाट टाळतो, एवढेच मी करतो.

महामार्गावर बंद पडणाऱ्यांसाठी आणखी एक सांगतो. राष्ट्रीय महामार्गाच्या १०३३ या क्रमांकावर फोन केल्यास टोल कंत्राटदाराचे गस्ती वाहन किंवा क्रेन येते, आणि त्यासाठी कोणतेही सभासदत्व लागत नाही. हत्तरगी, कोगनोळी, हिरेबागेवाडी आणि गणेबैल या नाक्यांच्या पट्ट्यात याचा उपयोग होतो. रस्ता मोकळा करून गाडी सुरक्षित जागी लावणे हे त्यांचे काम आहे. तेथून पुढे वर्कशॉपपर्यंत नेण्याची सोय आपल्यालाच करावी लागते. म्हणून मी महामार्गावर आधी १०३३ ला आणि मग कंपनीला फोन करतो.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. खानापूरच्या ताईंनी मांडलेला मुद्दा माझ्या विचारातच आला नव्हता, आणि तो मला पूर्णपणे पटला. विम्यातला माणूस यांना एक प्रश्न विचारतो. माझी घटना गोव्याच्या हद्दीत घडली आणि कंपनीचे मुख्य कार्यालय उत्तर भारतात आहे. उद्या खरोखर सेवेत कसूर झाली तर तक्रारीसाठी मला कोठे जावे लागेल?

विम्यातला माणूस

आपल्याला बेळगावबाहेर जाण्याची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा जेथे नोकरी-व्यवसाय करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. घटना कोणत्या राज्यात घडली आणि कंपनीचे कार्यालय कोठे आहे, याची आडकाठी येत नाही. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही, आणि सभासदत्वाची रक्कम त्यात सहज बसते.

त्यासाठी पुरावा जपावा. तक्रार क्रमांकाचा संदेश, फोनच्या वेळा, क्रेन पोहोचल्याच्या वेळेचा फोटो आणि जादा पैसे दिले असतील तर त्याची पावती हे सगळे ठेवावे. चालक "पावतीची काय गरज आहे, कमी करून देतो" असे म्हणाला तरी पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. तक्रार क्रमांकाच्या त्या संदेशाचा आणखी एक उपयोग आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०१ मध्ये बंद वाहनाने वाहतूक अडवल्यास दंड आहे, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर अचानक बिघडलेल्या आणि हलवण्याचे काम सुरू असलेल्या वाहनाला तो लागू होत नाही. पोलिसाने विचारले तर मदत मागवली आहे हे दाखवायला तो संदेश पुरेसा बोलका ठरतो.

अथणीकर

आमच्याकडे घाट नाहीत, पण ऊस आहे. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम संपेपर्यंत उगार, चिकोडी, रायबाग या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या चालतात. त्यांतील अनेकांना मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते. अशा रस्त्यावर गाडी बंद पडली तर क्रेन येईपर्यंत गाडीतच बसून राहणे धोक्याचे आहे. हॅझर्डचे दिवे लावावेत, गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण पुष्कळ मागे नेऊन ठेवावा आणि सर्वांना घेऊन रस्त्याच्या खाली, शेताच्या बांधावर उभे राहावे. कंपनीचा माणूस फोनवर हे सांगत नाही, कारण त्याला आमचा रस्ता ठाऊक नसतो. क्रेनच्या बाबतीत आमची स्थिती निपाणीसारखीच आहे. आम्हाला मिरज आणि सांगली जवळ पडते, आणि क्रेन बेळगावहून निघते.

खानापूरची लेक

अथणीकर दादांच्या सूचनेला जोडून सांगते की रात्री एकटी बाई असेल तर तिने गाडीपासून दूर अंधारात उभे राहावे की गाडी लॉक करून आत बसावे, याचा निर्णय रस्ता पाहून घ्यावा लागतो. वाहता महामार्ग असेल तर मी खाली उतरून कठड्यापलीकडे उभी राहते. रहदारी नसलेल्या जंगलातल्या रस्त्यावर गाडी पूर्णपणे डांबराबाहेर घेता आली असेल तर आत बसते. दोन्ही वेळा ११२ वर आपले ठिकाण आधी कळवून ठेवते.

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

निपाणीकरांचे तीन प्रश्न मी माझ्या कंपनीला जसेच्या तसे पाठवले होते, त्यांचे उत्तर आज आले. मोफत अंतर गाडी बंद पडलेल्या ठिकाणापासून पन्नास किलोमीटर मोजले जाईल, आणि त्या अंतरात एकाहून अधिक अधिकृत वर्कशॉप असल्यास त्यांतील निवड सभासद करू शकेल, मग ते कोणत्याही राज्यात असो, असे त्यांनी लिहिले आहे. म्हणजे कणकुंबीपर्यंत गाडी बंद पडली तर बेळगाव या मर्यादेत कसेबसे बसते. घाट उतरून साखळीला पोहोचल्यावर ते बसत नाही आणि गाडी गोव्यातच जाईल. खानापूरचा भाग सांभाळणारी त्यांची सर्वांत जवळची क्रेन बेळगावच्या ऑटोनगरात आहे, हेही कळले. रात्रीच्या वेळी ती जांबोटीच्या पुढे येईल का, या प्रश्नाला मात्र त्यांनी उत्तर दिलेले नाही. तो प्रश्न मी आज पुन्हा पाठवला आहे, आणि लेखी उत्तर येईपर्यंत नूतनीकरणाचे पैसे भरणार नाही. उत्तर आले की येथे कळवतो.